उत्तर कोणाला द्यायचे? : टोनी बेन यांच्या राजकारणाचा मागोवा

१९७६ च्या नोव्हेंबरात ब्रिटनची तिजोरी आटली होती. पौंड घसरत होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरचे कर्ज मागितले होते आणि सरकारी खर्चाला कात्री लावल्याशिवाय ते मिळणार नव्हते. पंतप्रधान जेम्स कॅलहान यांचे मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ बैठकीमागून बैठक घेत या एकाच प्रश्नावर अडले होते. ऊर्जामंत्री टोनी बेन यांनी त्या वादात सहकाऱ्यांपुढे एक जुना दस्तऐवज ठेवला : ऑगस्ट १९३१ मधल्या मंत्रिमंडळ बैठकांचे इतिवृत्त. तेव्हाही सरकार मजूर पक्षाचे होते, तेव्हाही परदेशी कर्ज हवे होते आणि त्यापायी बेकारांचा भत्ता कापायचा होता. त्या भांडणात सरकार कोसळले. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड हुजूर पक्षाला बरोबर घेऊन नवे सरकार बनवून मोकळे झाले आणि मजूर पक्षाच्या वाट्याला दारुण पराभव आला.

त्या १९३१ च्या मंत्रिमंडळात टोनी बेन यांचे वडील मंत्री होते.

बेन यांचे राजकारण समजून घ्यायला हा प्रसंग चांगला आहे. देशाचा अर्थसंकल्प कोण ठरवणार, निवडून आलेले सरकार की कर्ज देणारे, असा त्यांचा प्रश्न होता. आयात मर्यादित करा, भांडवलाच्या बाहेर जाण्यावर नियंत्रण आणा, उद्योगांत सरकारी पैसा घाला, असा पर्यायही त्यांनी मांडला होता. तो फेटाळला गेला आणि कपात मान्य झाली. बेन मात्र मंत्रिमंडळात राहिले. त्यांनी तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता, असे डाव्या गोटातले अनेक जण पुढे म्हणत राहिले, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण हरल्यावरही आत बसून प्रश्न विचारत राहणे हा त्यांचा स्वभाव होता.

वडील विल्यम वेजवुड बेन मूळचे लिबरल. टोनी यांचे दोन्ही आजोबाही लिबरल खासदार होते. १९२७ मध्ये वडील मजूर पक्षात आले आणि १९२९ ते १९३१ या काळात त्यांनी भारतमंत्रिपद सांभाळले. मराठी वाचकाला हा काळ वेगळा सांगायला नको. व्हाइसरॉय आयर्विन यांची वसाहतीच्या स्वराज्याची घोषणा, मिठाचा सत्याग्रह, डॉ. आंबेडकर ज्या परिषदेला गेले ती पहिली गोलमेज परिषद, हे सारे या दोन वर्षांतले. मे १९३० मध्ये सोलापुरात लागू झालेला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हेही याच भारतमंत्र्यांच्या कारकिर्दीतले. वेजवुड बेन सज्जन होते, हिंदुस्थानविषयी सहानुभूती बाळगणारे होते. तरी त्यांच्या खात्याच्या नावावर सोलापूर आहेच. सज्जन माणूस सत्तेच्या जागी बसला म्हणून सत्ता आपोआप सज्जन होत नाही, हे मुलाच्या राजकारणाचे पुढे मुख्य सूत्र झाले. १९३१ मध्ये गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले तेव्हा सहा वर्षांच्या टोनीला त्यांची भेट घडली. ती आठवण ते म्हातारपणापर्यंत सांगत.

३ एप्रिल १९२५ रोजी लंडनमध्ये जन्म, ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात शिक्षण, महायुद्धात हवाई दलात वैमानिक : हा सगळा मार्ग वरच्या वर्गातल्या मुलाचा नेहमीचाच. आई मार्गारेट धर्मशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि स्त्रियांना धर्मोपदेशक होता यावे म्हणून त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. राजांच्या बाजूचे आणि संदेष्ट्यांच्या बाजूचे अशी बायबलमधली वाटणी त्यांनी मुलाला शिकवली होती, आणि मुलाने आपली बाजू लवकर निवडली. थोरला भाऊ मायकेल १९४४ मध्ये हवाई दलात असताना गेला. त्या मृत्यूचे दुःख होतेच, शिवाय त्याने एक घटनात्मक पेचही मागे ठेवला. १९४२ मध्ये वडिलांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला होता. मायकेलला राजकारणात जायचे नव्हते, म्हणून वडिलांनी तो स्वीकारला होता. आता वारस उरला टोनी, ज्याला राजकारणाशिवाय दुसरे काही करायचे नव्हते.

३० नोव्हेंबर १९५० च्या पोटनिवडणुकीत पंचवीस वर्षांचे बेन ब्रिस्टल साउथ ईस्टमधून कॉमन्समध्ये आले. ही जागा आजारपणामुळे सोडली होती सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी, म्हणजे १९४२ ची योजना घेऊन दिल्लीला आलेल्या क्रिप्स यांनीच. पुढची दहा वर्षे तरुण बेन यांनी वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी आणि हायड्रोजन बॉम्बच्या विरोधात काम केले. त्या काळात ते डावे म्हणून ओळखलेही जात नव्हते. दूरचित्रवाणीवर शोभून दिसणारे, आधुनिक, हसतमुख खासदार एवढीच त्यांची ख्याती होती.

१७ नोव्हेंबर १९६० रोजी वडील वारले. त्या क्षणी टोनी बेन व्हायकाउंट झाले आणि कायद्याने कॉमन्सच्या बाहेर फेकले गेले. उमरावाला कॉमन्समध्ये बसता येत नाही आणि किताब नाकारताही येत नाही, अशी ती गाठ होती. ती सोडवण्याचा प्रयत्न वडील हयात असतानाच सुरू झाला होता. त्यासाठी विधेयक मांडून झाले होते आणि चर्चिल यांनी पाठिंब्याचे पत्रही दिले होते. काही उपयोग झाला नव्हता.

बेन पोटनिवडणुकीला उभे राहिले. ४ मे १९६१ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांनी त्यांना २३,२७५ मते दिली, हुजूर पक्षाचे माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. मग प्रकरण निवडणूक न्यायालयात गेले. बेन यांनी आपली बाजू स्वतः मांडली. न्यायाधीशांनी निकाल दिला की उमेदवार अपात्र आहे हे मतदारांना ठाऊक होते, म्हणून त्यांची मते वाया गेली. सबब दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार विजयी. गंमत अशी की सेंट क्लेअर स्वतःही एका उमरावाच्या गादीचे वारस होते. पण कायदा बदलला तर मी जागा सोडेन, असा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळलाही.

कायदा बदलायला दोन वर्षे लागली. ३१ जुलै १९६३ रोजी संध्याकाळी सहा वाजता उमरावपद कायद्याला राजमान्यता मिळाली. ६ वाजून २२ मिनिटांनी बेन यांनी किताबाचा त्याग केला. सेंट क्लेअर यांनी राजीनामा दिला आणि २० ऑगस्टला बेन पुन्हा खासदार झाले. याच कायद्याने स्वतःच्या हक्काने उमरावपद असलेल्या स्त्रियांनाही लॉर्ड्समध्ये बसण्याचा अधिकार मिळाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

पण या कायद्याचा सर्वांत मोठा लाभ झाला तो विरोधकांना. ऑक्टोबर १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन आजारपणामुळे पायउतार झाले आणि हुजूर पक्षाने नेता निवडला तो एक अर्ल. अर्ल ऑफ होम यांनी बेन यांच्याच कायद्याच्या आधारे किताब सोडला, सर अॅलेक डग्लस-होम झाले आणि पंतप्रधान म्हणून कॉमन्समध्ये आले. आपल्या लढ्याचे फळ प्रतिपक्षाच्या पदरात पडले म्हणून बेन यांनी लढा चुकला असे कधी मानले नाही, आणि ते योग्यच होते. नियम सर्वांसाठी असतो. तो फक्त आपल्या बाजूला फळावा असे ज्याला वाटते त्याला नियम नको असतो, सवलत हवी असते.

त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये दुसरा लढा चालू होता. शहराची बस कंपनी कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेत नसे. पॉल स्टीफन्सन या तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने एप्रिल १९६३ मध्ये बसवर बहिष्कार सुरू झाला. वाहतूक कामगारांची युनियनच कंपनीच्या पाठीशी होती, त्यामुळे मजूर पक्षाच्या माणसाला बोलणे अवघड होते. खासदारकी हातात नसलेल्या बेन यांनी उघड बाजू घेतली आणि सायकल शोधावी लागली तरी चालेल पण बसमध्ये चढणार नाही, असे जाहीर केले. ऑगस्टअखेर कंपनीने माघार घेतली. सप्टेंबरात रघबीर सिंग हे शहराचे पहिले गौरेतर वाहक झाले.

१९६४ मध्ये हॅरल्ड विल्सन सत्तेवर आले आणि बेन पोस्टमास्टर जनरल झाले. तिकिटांवरून राणीचे डोके काढावे म्हणजे चांगल्या चित्रांना जागा मिळेल, अशी चित्रकार डेव्हिड जेंटलमन यांची सूचना त्यांना पटली. १९६५ मध्ये बेन नमुने घेऊन राजवाड्यात गेले आणि राणीसमोर गालिच्यावर गुडघे टेकून त्यांनी ते मांडून दाखवले. राणी सौजन्याने वागल्या. बेन यांना वाटले की परवानगी मिळाली. पुढे दरबाराने आणि पंतप्रधानांच्या कार्यालयाने विषय हळूहळू गुंडाळला. शेवटी राणीची छोटी छायाकृती कोपऱ्यात ठेवायची अशी तडजोड निघाली आणि ब्रिटिश विशेष तिकिटांवर ती रूढ झाली. कोणीही स्पष्ट नकार दिला नाही, तरी काम झाले नाही. लेखी नसलेली सत्ता कशी चालते याचा हा धडा त्यांच्या मनात खोल उतरला.

तंत्रज्ञानमंत्री म्हणून त्यांनी कॉंकॉर्ड विमान पुढे रेटले. ब्रिस्टलजवळच्या फिल्टन कारखान्यात ते बनत होते आणि त्यांच्या मतदारांच्या चुली त्यावर पेटत होत्या. विमानाच्या नावाच्या शेवटी फ्रेंचांप्रमाणे 'ई' हे अक्षर ठेवायचे की नाही यावर दोन देशांत रुसवेफुगवे होते. डिसेंबर १९६७ मध्ये तुलूझच्या समारंभात बेन यांनी ते अक्षर परस्पर मान्य करून टाकले. या काळातले बेन यंत्रांवर भाळलेले होते, अणुऊर्जेचेही पुरस्कर्ते होते. ती श्रद्धा पुढे पूर्ण ओसरली.

बहुतेक राजकारणी तरुणपणी जहाल असतात आणि खुर्चीत बसले की मवाळ होतात. बेन उलटे गेले. हा बदल १९७० च्या निवडणुकीत मजूर पक्ष हरल्यानंतर दिसू लागला. १९७१ मध्ये सरकारने ग्लासगोच्या क्लाइड नदीवरच्या जहाजगोद्या बंद पाडायचे ठरवले, तेव्हा जिमी रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप न करता गोद्या ताब्यात घेऊन काम चालू ठेवले. बेन त्यांच्या मोर्च्यात चालले. मंत्रालयात बसून कारखान्यांची विलीनीकरणे घडवणाऱ्या माणसाने कारखाना म्हणजे काय हे तिथे कामगारांकडून ऐकले. आपल्याला वेजवुड बेन न म्हणता साधे टोनी बेन म्हणावे, असेही त्यांनी याच सुमारास कळवले.

१९७४ मध्ये उद्योगमंत्री झाल्यावर त्यांनी बुडणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांच्या सहकारी संस्थांना सरकारी पैसा दिला. त्यातली मेरिडनची ट्रायम्फ मोटारसायकल संस्था १९८३ पर्यंत टिकली, बाकीच्या लवकर बुडाल्या. आधीच मोडकळीला आलेले धंदे कामगारांच्या गळ्यात बांधून सहकार सिद्ध होणार नव्हता, हे मान्य करायला हवे. वृत्तपत्रांनी मात्र धंदा कशामुळे बुडाला याची चौकशी न करता मंत्र्यालाच देशाचा शत्रू ठरवले.

याच काळात त्यांच्या आग्रहातून एक नवीच प्रथा ब्रिटनमध्ये आली. युरोपीय समुदायात राहायचे की नाही हे खासदारांनी परस्पर ठरवू नये, लोकांना विचारावे, असे बेन १९७० पासून सांगत होते. संसद सार्वभौम असलेल्या देशात राष्ट्रीय सार्वमत ही कल्पनाच परकी होती. पक्षात सुरुवातीला कोणी साथ दिली नाही. ही रबरी नाव आहे, एक दिवस सगळा पक्ष तिच्यात चढेल, असे तेव्हा कॅलहान म्हणाले होते, आणि तसेच झाले. ५ जून १९७५ रोजी ब्रिटनचे पहिले देशव्यापी सार्वमत झाले. बेन बाहेर पडण्याच्या बाजूने होते. सुमारे ६७ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. बेन यांनी निकाल जाहीरपणे स्वीकारला आणि त्याच महिन्यात विल्सन यांनी त्यांना उद्योग खात्यातून उचलून ऊर्जा खात्यात टाकले. तिथे उत्तर समुद्राचे तेल नुकतेच हाती येत होते. जून १९७५ मध्ये पहिल्या तेलाची झडप बेन यांनीच उघडली, आणि त्या तेलात लोकांचा वाटा राहावा म्हणून ब्रिटिश नॅशनल ऑइल कॉर्पोरेशन उभी राहिली. थॅचर सरकारने पुढे ती विकली.

१९७९ मध्ये मजूर पक्ष हरला आणि बेन यांच्या आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त अध्याय सुरू झाला. सरकारने पक्षाच्या परिषदेचे ठराव कचऱ्यात टाकले, म्हणून पक्षाच्या नेत्यांना पक्षाला उत्तर द्यायला लावले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक खासदाराने पुढच्या निवडणुकीपूर्वी स्थानिक पक्षाकडून पुन्हा उमेदवारी मिळवावी, हा नियम झाला. जानेवारी १९८१ च्या वेम्बली परिषदेत नेता निवडण्याचा खासदारांचा एकाधिकार संपला आणि युनियन, खासदार व सभासद यांचे मतदारमंडळ आले. दुसऱ्याच दिवशी चार ज्येष्ठ नेत्यांनी वेगळी वाट जाहीर केली आणि त्यातून सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला.

एप्रिल १९८१ मध्ये, पहाटे साडेतीन वाजता, बेन यांनी उपनेतेपदासाठी डेनिस हीली यांना आव्हान दिले. सहा महिने पक्ष स्वतःशीच लढत राहिला. सभांतून हुर्यो उडवली गेली, मैत्र्या तुटल्या. मध्येच गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराने बेन रुग्णालयात पडले. २७ सप्टेंबरला ब्रायटनमध्ये निकाल लागला : हीली ५०.४२६ टक्के, बेन ४९.५७४. नील किनॉक यांच्यासारख्या काही डाव्या खासदारांनी अखेरच्या फेरीत मत दिले नाही आणि तेवढ्यावर फरक पडला.

या लढाईने पक्षाचे नुकसान झाले. १९८३ मध्ये मजूर पक्षाला २७.६ टक्के मते मिळाली, त्याच्या मागोमाग आलेल्या सोशल डेमोक्रॅटिक आणि लिबरल पक्षांच्या आघाडीला २५.४ टक्के, आणि थॅचर यांना प्रचंड बहुमत. फूट पाडणारे बाहेर गेलेले नेते होते, बेन नव्हेत, हे खरे. फॉकलंड युद्धाच्या लाटेचाही वाटा मोठा होता. तरीही उपनेतेपदाच्या त्या लढतीची वेळ चुकीची होती. थॅचर यांच्या धोरणांनी कारखाने बंद पडत असताना विरोधी पक्ष सहा महिने आतल्या मोजदादीत गुंतला, याची किंमत त्याच कामगारांनी मोजली ज्यांच्यासाठी बेन बोलत होते. पण मागणीचे काय? नेता कोण हे सभासदांनी ठरवावे ही तेव्हा वेडेपणाची ठरलेली गोष्ट आज ब्रिटनमधले सगळे मोठे पक्ष आपापल्या परीने पाळतात. त्याच मार्गाने २०१५ मध्ये बेन यांचे जुने साथी जेरेमी कॉर्बिन नेतेपदी आले.

१९८३ मध्ये ब्रिस्टलने बेन यांनाही घरी पाठवले. मार्च १९८४ मध्ये ते डर्बीशरच्या चेस्टरफील्डमधून परतले आणि त्याच महिन्यात खाणकामगारांचा वर्षभराचा संप पेटला. चेस्टरफील्ड कोळशाचे गाव. बेन वर्षभर सभा, मोर्चे आणि खाणींच्या फाटकांवर दिसत राहिले. १९८८ मध्ये त्यांनी किनॉक यांना नेतेपदासाठी आव्हान दिले आणि त्यांना जेमतेम ११ टक्के मते मिळाली. पक्षातली त्यांची ताकद तिथे संपली.

त्यानंतरचे बेन लोकांना अधिक प्रिय झाले. कोणापासून सत्तेला धोका उरला नाही की त्याचे कौतुक सोपे होते, हे त्यांनाही कळत होते. १९९१ मध्ये त्यांनी राजेशाही संपवून ब्रिटनला लिखित राज्यघटना देणारे विधेयक मांडले. ते पुढे जाणार नव्हते, गेलेही नाही. याच वर्षी संसदेच्या तळघरातल्या चॅपेलशेजारच्या झाडू-बादल्यांच्या कपाटात त्यांनी एक पाटी लावली. मताधिकारासाठी झगडणारी एमिली वाइल्डिंग डेव्हिसन १९११ च्या जनगणनेच्या रात्री त्या कपाटात लपून राहिली होती, म्हणजे आपला पत्ता कॉमन्स असा नोंदवता येईल. अधिकृत परवानगीची वाट न पाहता बेन यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, कॉर्बिन यांच्या मदतीने, ती पाटी ठोकली. लोकशाही संसदेने दिलेली नाही, संसदेबाहेरच्यांनी ती संसदेकडून घेतली, हे त्यांना तिथे नोंदवायचे होते.

सत्तेवरच्या माणसाला विचारायचे पाच प्रश्न ते अनेक भाषणांतून सांगत : तुमच्याकडे कोणती सत्ता आहे, ती कुठून मिळाली, कोणाच्या हितासाठी वापरता, कोणाला जबाबदार आहात, आणि तुम्हाला हटवायचे कसे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तिथे लोकशाही नाही. युरोपीय आयोगाला त्यांनी विरोध केला तो याच कसोटीवर. नाणेनिधी, दरबार, लॉर्ड्स आणि स्वतःचा पक्ष यांनाही त्यांनी हीच कसोटी लावली होती. ती त्यांनी स्वतःलाही लावली असावी, कारण त्यांच्याइतकी सविस्तर नोंद ठेवणारा दुसरा ब्रिटिश मंत्री सापडणे कठीण. रात्री उशिरा, पाइप आणि चहाचा मग बाजूला ठेवून, ते दिवसभराचा वृत्तांत ध्वनिफितीवर सांगत. मंत्रिमंडळाच्या बंद दारांमागे काय होते ते त्यांच्या रोजनिशीच्या खंडांतून वाचकांना कळले. त्यांचा कागदपत्रांचा संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

२००० मध्ये पत्नी कॅरोलाइन गेल्या. मूळच्या अमेरिकन, शिक्षणतज्ज्ञ, सर्वांसाठी एकाच प्रकारच्या शाळा असाव्यात या चळवळीच्या आधारस्तंभ. ऑक्सफर्डमध्ये भेट झाल्यावर नऊ दिवसांत एका बाकावर बसून बेन यांनी त्यांना लग्नाचे विचारले होते. पुढे त्यांनी तो बाक नगरपालिकेकडून विकत घेऊन घराच्या बागेत आणून ठेवला. २००१ मध्ये राजकारणाला अधिक वेळ देण्यासाठी संसद सोडतो, असे सांगून ते कॉमन्समधून बाहेर पडले आणि खरोखरच अधिक काम करू लागले. इराक युद्धाविरुद्धच्या आघाडीचे ते अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये बगदादला जाऊन त्यांनी सद्दाम हुसेन यांची मुलाखत घेतली. त्या मुलाखतीत त्यांनी कठोर प्रश्न विचारले नाहीत आणि त्याबद्दल झालेली टीका रास्त होती. युद्धाबद्दलचा त्यांचा इशारा मात्र खरा ठरला.

१४ मार्च २०१४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. दोनच वर्षांनी, जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. सार्वमताची वाट बेन यांनी पाडली होती, पण तिच्यावरून पुढे गेले ते बहुतांशी उजव्या बाजूचे लोक. त्यांचे पुत्र हिलरी बेन, स्वतः मजूर पक्षाचे मंत्री राहिलेले, संघात राहण्याच्या बाजूने लढले. कराराशिवाय बाहेर पडणे रोखणारा २०१९ चा कायदा त्यांच्याच नावाने बेन कायदा म्हणून ओळखला गेला.

१९६३ च्या कायद्यात एक कलम असे आहे की किताबाचा त्याग त्या व्यक्तीच्या हयातीपुरताच असतो. तिच्यामागे तो पुढच्या वारसाकडे जातो. थोरले पुत्र स्टीफन यांनी तो स्वीकारला आणि ते तिसरे व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. जुलै २०२१ मध्ये ते वंशपरंपरागत उमरावांच्या पोटनिवडणुकीतून लॉर्ड्समध्ये गेले आणि मजूर पक्षाच्या बाकांवर बसले. २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर सरकारने उरलेल्या वंशपरंपरागत उमरावांना त्या सभागृहातून काढण्याचे विधेयक पहिल्याच वर्षी मांडले.